पाच वर्षांची खुर्ची

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते त्या दिवशी तहसील कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते. तालुक्यातल्या गावोगावचे पुढारी, माजी सरपंच आणि होऊ घातलेले सरपंच दाटीवाटीनं उभे असतात. बरणीतली चिठ्ठी एखाद्या शाळकरी मुलाच्या हातून काढली जाते आणि अधिकारी ती मोठ्यानं वाचून दाखवतात. ‘सर्वसाधारण महिला’ असा पुकारा झाला की त्या गावच्या घोळक्यात चुळबुळ सुरू होते. वर्षभर तयारी केलेल्याचा चेहरा उतरतो, फोन लागतात आणि गावात पोहोचेपर्यंत घरातल्या कुणाचं नाव पुढे करायचं याची बोलणी रंगलेली असतात. बायकोचं, आईचं की भावजयीचं? जिचं नाव शेवटी ठरतं ती बहुधा त्या सभागृहात नसतेच.

स्त्रिया नेतृत्वाच्या जागी कशा पोहोचतात आणि पोहोचल्यावर त्यांना काय अडवतं, हे समजून घ्यायचं तर कंपन्यांची संचालक मंडळं किंवा मंत्रालयातली दालनं यांच्यापेक्षा ग्रामपंचायतीचं कार्यालय मला जास्त बोलकं वाटतं. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि त्यांतली निम्मी सरपंचपदं महिलांसाठी राखीव आहेत. सदस्य धरले तर लाखाहून अधिक महिला आज पंचायतींच्या कारभारात आहेत. जगात फार थोड्या ठिकाणी इतक्या सामान्य घरांतल्या इतक्या बायकांच्या हाती एकाच वेळी सत्ता आली असेल. तरीही या बदलाविषयीची आपली चर्चा ‘सरपंचपती’ या एका शब्दापाशी येऊन थांबते. नवरा कारभार पाहतो, बाई सही करते, संपलं. मला हे वर्णन अपुरं वाटतं आणि त्या बायकांवर अन्याय करणारंही. सरपंचपद मानाचं असलं तरी ते एक काम आहे. त्याला वेळ लागतो, प्रवास लागतो, कागद समजावे लागतात, ओळखी लागतात आणि त्यात मुरायला वर्षं लागतात. बाईला खुर्ची मिळाली, पण मुरायला लागणारी ती वर्षं मिळाली नाहीत. खरी गाठ तिथे आहे.

गावकारभारात बायका आरक्षणामुळेच आल्या, असं मानायचं कारण नाही. बारामती तालुक्यातल्या निंबूत गावात १९६०च्या दशकातच सगळ्या महिला सदस्यांची ग्रामपंचायत कारभार करत होती. नोव्हेंबर १९८६मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या पुढाकारानं झालेल्या त्या मेळाव्याला खेड्यापाड्यांतून प्रचंड संख्येनं बायका आल्या आणि तिथूनच शेतकरी महिला आघाडी उभी राहिली. पंचायतींच्या निवडणुका संपूर्ण महिला पॅनेल उभं करून लढवायच्या, हा विचार त्या वातावरणातला. १९८९च्या ग्रामपंचायत निवडणुकांत जळगाव जिल्ह्यातलं विटनेर, यवतमाळ जिल्ह्यातलं मेटीखेडा अशा गावांनी तो करूनही दाखवला. विटनेरमध्ये तर पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत पुरुषांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून दिला. सत्ता आणि सातबारा यांचं नातं या बायकांना तेव्हाच कळलं होतं.

त्यानंतर ७३वी घटनादुरुस्ती आली. २४ एप्रिल १९९३पासून ती अमलात आली आणि पंचायतींमधल्या किमान एक तृतीयांश जागा व तितकीच अध्यक्षपदं देशभर महिलांसाठी राखीव झाली. बिहारनं २००६मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेलं, महाराष्ट्रानं २०११मध्ये. हा इतिहास सगळ्यांना साधारण ठाऊक आहे. पुढचा भाग, म्हणजे खुर्चीत बसल्यावर दिवसभर काय करावं लागतं, तो मात्र क्वचित कुणी सांगतं.

सरपंच झालेल्या बाईच्या कामाकडे नोकरीसारखं बघू या. महिन्याची मासिक सभा घ्यायची, तिचा अजेंडा काढायचा, इतिवृत्त वाचून सही करायची. वर्षातून किमान चार ग्रामसभा, आणि प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जे कमी असेल ते. पंचायत समितीच्या बैठकांना तालुक्याला जायचं, बांधकामाची बिलं तपासायची, घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली बघायची, टँकर आणायचा, मोटार जळाली तर रात्री अकराला फोन घ्यायचा. बँकेचं खातं सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या संयुक्त सहीनं चालतं. वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज प्रणालीतून जातो आणि तो सोडायला दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. सरपंचाची सही आता एका बोटभर यूएसबी टोकनमध्ये असते. ते टोकन कुणाच्या खिशात आहे आणि ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो, हे विचारलं की त्या गावात सत्ता कुणाकडे आहे ते कळतं.

या कामाचं मानधन? सप्टेंबर २०२४मध्ये राज्य सरकारनं ते दुप्पट केलं. दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात तीन हजारांचे सहा हजार झाले, दोन ते आठ हजारांच्या गावात आठ हजार आणि त्याहून मोठ्या गावात दहा हजार रुपये महिना. बुडालेली मजुरी, तालुक्याचं एसटी भाडं आणि घरी आलेल्या माणसांचा चहा यांतच ही रक्कम संपते. तेव्हा हे काम त्यालाच जमतं ज्याची भाकरी दुसरं कुणी थापतं, ज्याची जनावरं दुसरं कुणी बांधतं आणि ज्याच्या मुलांना दुसरं कुणी शाळेत पाठवतं. पुरुष सरपंचाकडे असं दुसरं कुणीतरी असतंच आणि तिला कधी कुणी ‘सरपंचपत्नी’ म्हणून हिणवलेलं नाही. पदाची रचनाच अशी आहे की त्यामागे घरातल्या आणखी एका माणसाचे पूर्णवेळ कष्ट गृहीत धरलेले आहेत. बाई सरपंच झाली की ते कष्ट करणारं माणूसच खुर्चीत येतं आणि घरची पाळी घ्यायला कुणी उरत नाही. शहरातल्या कचेरीत बढती नाकारणाऱ्या बाईची अडचण याहून फार निराळी नसते. बदलीचं गाव, उशिरापर्यंत चालणाऱ्या बैठका, साहेबांच्या घरी जाऊन जमवलेली सलगी या सगळ्यांत तिच्यासाठी वेळेचा हिशेब जुळत नाही. पात्रतेचा प्रश्न त्यानंतर येतो, आणि बहुतेक वेळा येतच नाही.

आता सरपंचपतीकडे येऊ. ही गोष्ट खरी आहे, आणि गंभीर आहे. जुलै २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे याबाबत याचिका आली, तेव्हा न्यायालयानं तो प्रश्न केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाकडे सोपवला. मंत्रालयानं समिती नेमली आणि समितीनं निवडून आलेल्या महिलेऐवजी कारभार करणाऱ्या नातेवाइकांना जरब बसेल अशा दंडाची शिफारस केली. दंड असावा, माझा त्याला विरोध नाही. पण नवरा तिथे का बसला आहे, हे दंडानं बदलत नाही. बांधकाम विभागातल्या अभियंत्याला तो ओळखतो, आमदाराच्या माणसाचा नंबर त्याच्याकडे आहे, चौकात बसून तो दहा गोष्टी ऐकतो आणि मोटारसायकल त्याची आहे. तिच्याकडे यातलं काही नसतं, कारण तोवर तिला ते मिळवायची संधीच दिलेली नसते. माहेरचं गाव सुटल्यावर तिच्या लहानपणच्या ओळखीही सुटतात. सासरच्या गावात ती कुणाची तरी सून किंवा वहिनी म्हणून राहते, आणि एके दिवशी त्याच माणसांपुढे खुर्चीत बसून तिला ‘तुमची पाणीपट्टी थकली आहे’ असं म्हणावं लागतं. थोरल्या दिरासमोर आवाज चढवायचा नाही, अशी सवय लागलेल्या बाईसाठी हे किती अवघड असेल, याचा विचार आपण करतो का?

दलित किंवा आदिवासी बाई सरपंच असेल तर अडचण दुहेरी होते. सभेत खुर्ची न देणं, झेंडावंदनाचा मान दुसऱ्याकडे वळवणं, अशा तक्रारी देशभरातून आलेल्या आहेत.

खुर्चीतून खाली ओढायचे रस्तेही बरेच आहेत. अविश्वास ठराव हा त्यांतला जुना. महिला सरपंचांना त्याचा उपद्रव इतका झाला की महिलांसाठी राखीव पदावरच्या सरपंचाविरुद्धचा ठराव तीन चतुर्थांश बहुमताशिवाय मंजूर होणार नाही, अशी तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात घालावी लागली. मग अपात्रतेची कलमं हाताशी आली. दोनपेक्षा जास्त मुलं असतील आणि त्यांतलं एखादं सप्टेंबर २००१नंतर जन्मलेलं असेल तर पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. लोकसंख्येच्या दृष्टीनं हा नियम योग्य वाटला असेल, पण किती मुलं व्हावीत हे ज्या घरात बाईला ठरवता येत नाही त्या घरातल्या बाईलाच त्याची शिक्षा होते. दुसरं कलम अतिक्रमणाचं. सरकारी जागेवर अतिक्रमण करणाऱ्यानं पंचायतीत बसू नये, हे तत्त्व बिनचूक आहे. मात्र २०१८मध्ये महाराष्ट्रातल्या एका महिला सदस्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं असा अर्थ लावला की अतिक्रमण सासरच्यांनी केलेलं असलं, तरी त्या जागेत राहणारी व्यक्ती अपात्र ठरते. लग्न होऊन आलेली बाई ज्या घरात राहते ते घर तिनं बांधलेलं नसतं. त्याची जागा कुणाची आहे हे तिला लग्नाआधी कुणी सांगितलेलंही नसतं.

या निकालाशेजारी जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्याच्या विचखेड्याचं प्रकरण ठेवून बघण्यासारखं आहे. तिथल्या महिला सरपंचाविरुद्ध तक्रार झाली की ती सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहते. आपण नवरा-मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, हे ती सांगत राहिली. जिल्हाधिकाऱ्यांनी तिला अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी तो निर्णय कायम केला, उच्च न्यायालयातही तिला दाद मिळाली नाही. सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सूर्य कांत आणि न्यायमूर्ती उज्जल भुइयाँ यांच्या पीठानं तिला पद परत दिलं. एक बाई सरपंच म्हणून निवडून आली हेच गावातल्या काहींना पचलं नाही, असं न्यायालयानं स्पष्ट नोंदवलं. ही बाई न्याय मिळवण्यासाठी दिल्लीपर्यंत गेली. पण तिच्या पाच वर्षांतली किती वर्षं या खेट्यांत गेली, ती कुणी भरून देऊ शकत नाही.

इतकं सगळं असताना बायकांनी केलं काय, असा प्रश्न येतो. त्याचं उत्तर भावनेनं द्यायची गरज नाही, कारण ते मोजलेलं आहे. पश्चिम बंगालमध्ये महिलांसाठीची सरपंचपदं एका ठरावीक यादीच्या क्रमानं राखीव होत गेली, गावाची परिस्थिती बघून नव्हे. त्यामुळे राखीव आणि बिगरराखीव गावांची तुलना करणं अर्थशास्त्रज्ञांना शक्य झालं. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर या जिल्ह्यांतल्या २६५ ग्रामपंचायती तपासल्या. तो अभ्यास २००४मध्ये प्रसिद्ध झाला. डुफ्लो यांना २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण हा अभ्यास त्याच्या कितीतरी आधीचा. दोघांनी आधी हे पाहिलं की गावातल्या बायका पंचायतीकडे कशाची मागणी करतात आणि पुरुष कशाची. मग पैसा कुठे गेला ते पाहिलं. महिला सरपंच असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला होता, आणि पाणी ही दोन्ही जिल्ह्यांत बायकांची मोठी मागणी होती. बंगालमध्ये बायकांना रस्तेही हवे होते, तिथे रस्त्यांवरचा खर्चही वाढला होता. राजस्थानात रस्ते ही पुरुषांची मागणी होती आणि तिथे तो खर्च कमी झाला होता.

या निष्कर्षाचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. त्या गावांतही नवरे होते, दीर होते, सासरे होते. त्या बायका शिक्षणानं आणि अनुभवानं पुरुष सरपंचांपेक्षा मागे होत्या. तरीही हापसा कुठे बसणार, हे बदललं. म्हणजे ‘बाई फक्त सही करते’ हे वाक्य जिथे सगळ्यांत जास्त लागू पडेल असं वाटतं, तिथेही ते पूर्ण खरं नव्हतं.

महाराष्ट्रातही बायका पंचायतीत बसल्यावर विषयपत्रिका बदललेली दिसते. हेरवाडचं उदाहरण ताजं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या या गावानं मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं गावात थांबवायचं, असा तो ठराव. सरपंच पुरुष होते आणि त्यांनी पुढाकार घेतला, याचं श्रेय त्यांना आहेच. पण ठरावाच्या सूचक आणि अनुमोदक दोघीही महिला सदस्य होत्या. काही दिवसांतच राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. शंभर वर्षांत जो विषय कुठल्याही चावडीवर निघाला नव्हता, तो इतिवृत्तात नोंदवला गेला. गावातलं दारूचं दुकान बंद करायला होणारं मतदान, म्हणजे लोकांच्या तोंडचं ‘आडवी बाटली’, हेही बायकांच्या सह्या आणि बायकांच्या मतांवरच उभं राहतं. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते खरोखर खर्च होतात की शिलाई मशीनच्या वाटपात संपतात, हे विचारणारी बाई सभेत असेल तरच त्या टक्क्यांना काही अर्थ येतो.

दुसरा अभ्यास मला याहून महत्त्वाचा वाटतो, कारण तो लोकांच्या मनाबद्दल आहे. डुफ्लो, रोहिणी पांडे, लोरी बीमन आणि सहकाऱ्यांनी बंगालमधल्या गावकऱ्यांना सरपंचाचं एक ध्वनिमुद्रित भाषण ऐकवलं. मजकूर तोच, काहींना तो पुरुषाच्या आवाजात ऐकवला, काहींना बाईच्या. ज्या गावांत कधीच महिला सरपंच झाली नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या त्याच भाषणाला कमी गुण दिले. जिथे महिला सरपंचाचा अनुभव होता तिथे हा फरक नाहीसा झाला होता. बाई सरपंच आवडते का, या प्रश्नाचं उत्तर मात्र फारसं बदललं नव्हतं. म्हणजे पुरुषांची नावड राहिली, पण ‘तिला जमत नाही’ ही समजूत गेली. आवडनिवड आणि कुवतीचा अंदाज या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली बदलायला पिढ्या लागतात, दुसरी काम डोळ्यांसमोर होताना बघून बदलते.

पण केव्हा बदलते? आपल्यासाठी कळीची गोष्ट इथे आहे. महिला सरपंच पहिल्यांदाच आली तेव्हा तिचं काम पुरुषांच्या तोडीचं असूनही गावानं तिला कमी लेखलं. दुसऱ्यांदा महिला सरपंच आली तेव्हा हा पक्षपात उरला नाही. लागोपाठ दोन निवडणुकांत सरपंचपद राखीव राहिलं होतं, त्या ठिकाणी नंतर खुल्या जागांवर उभ्या राहणाऱ्या आणि जिंकणाऱ्या बायकांची संख्या जवळपास दुप्पट झाली. २०१२मध्ये याच चमूनं मुलींकडे लक्ष वळवलं. दोन कार्यकाळ महिला सरपंच पाहिलेल्या गावांत किशोरवयीन मुलं आणि मुली यांच्या आकांक्षांतलं अंतर ३२ टक्क्यांनी घटलं होतं, शिक्षणातलं अंतर मिटलं होतं आणि मुलींच्या वाट्याचं घरकामही कमी झालं होतं. पाच वर्षांत गावाला जेमतेम सवय होते, दहा वर्षांत मत बदलतं.

महाराष्ट्रातला पुरावाही आहे, तो मुंबईतला. राजकारणाचे अभ्यासक रिखिल भवनानी यांनी मुंबई महानगरपालिकेच्या १९९७ आणि २००२च्या निवडणुका तपासल्या. १९९७मध्ये महिलांसाठी राखीव असलेले काही वॉर्ड २००२मध्ये खुले झाले. अशा वॉर्डांत बाई निवडून येण्याची शक्यता, आधी राखीव नसलेल्या खुल्या वॉर्डांच्या मानानं सुमारे पाचपट होती. काही जणींना पुन्हा लढायचं होतं, आणि बाई जिंकू शकते हे पक्षांनाही कळून चुकलं होतं. शहरात पक्ष तिकीट देतो, नगरसेविकेचं काम वॉर्डात दिसतं, म्हणून हे थोडं सोपं गेलं असावं. गावात मात्र खुली सोडत निघाली की ‘आता आपली जागा मोकळी झाली’ असं घरातच म्हटलं जातं आणि पाच वर्षं शिकलेली बाई चुलीकडे परत जाते.

इथे फेरपालटीचा विचार करायला हवा, कारण ती आपल्या नियमांतच आहे. दर निवडणुकीला आरक्षण दुसऱ्या गावावर जातं. पहिलं वर्ष कागद कळण्यात जातं, दुसऱ्या वर्षी बाई प्रश्न विचारू लागते, तिसऱ्या-चौथ्या वर्षी ग्रामसेवकाला ‘हे बिल मला आधी का दाखवलं नाही’ असं ठणकावते, आणि पाचव्या वर्षी सोडत निघते. आपण ज्या गावांची उदाहरणं देतो ती आठवून बघा. हिवरे बाजारच्या कारभाराचं नेतृत्व पोपटराव पवार १९८९पासून तीन दशकांहून अधिक काळ करत आले. पाणलोटाची कामं, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, पाण्याचा ताळेबंद हे पाच वर्षांत होणारं काम नव्हतंच. त्यांच्या कामाबद्दल मला अतिशय आदर आहे. म्हणूनच विचारावंसं वाटतं, की आपण कुठल्या महिला सरपंचाला दहा वर्षं तरी सलग दिली? पुन्हा निवडून यायची आशा नसेल तर चांगलं काम केल्याचं बक्षीस नाही आणि वाईट केल्याची भीती नाही. या व्यवस्थेत बाईला सरपंचपतीपासून मोकळं व्हायलाही वेळ मिळत नाही, कारण नवऱ्याचा हात सोडून स्वतःच्या ओळखी जमवायला जितकी वर्षं लागतात, साधारण तितक्यात तिचा कार्यकाळ संपतो.

ज्या बायका टिकतात त्यांच्यामागे बहुतेक वेळा पंचायतीबाहेरचा आधार असतो, असं माझं निरीक्षण आहे. १९७५मध्ये स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११पासूनचं ‘उमेद’ अभियान यांच्यामुळे गावोगाव बचत गट झाले. गटाच्या बैठकीत बाई रोजमेळ लिहायला, बँकेत जाऊन मॅनेजरशी बोलायला आणि हप्ता थकवणाऱ्या मैत्रिणीला सुनवायला शिकते. गटाची अध्यक्ष सरपंच झाली की तिच्यामागे गटाच्या दहा-बारा जणी ग्रामसभेत बसतात आणि सभेचा रंग पालटतो. महिला राजसत्ता आंदोलनानं निवडून आलेल्या बायकांना एकमेकींशी जोडण्याचं काम दोन दशकांहून अधिक काळ केलं आहे. यशदासारखी प्रशिक्षण संस्था कायदा शिकवते, तेही हवंच. पण तीन दिवसांच्या प्रशिक्षणानं जे होत नाही ते शेजारच्या गावच्या सरपंचताईला केलेल्या एका फोननं होतं.

वरच्या पायऱ्यांवर काय आहे? सुजाता सौनिक २०२४मध्ये राज्याच्या पहिल्या महिला मुख्य सचिव झाल्या आणि त्याच वर्षी रश्मी शुक्ला राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक. दोघींच्या मागे तीन दशकांहून अधिक सलग सेवा होती. प्रत्येक नेमणुकीत साठलेला अनुभव पुढच्या नेमणुकीत कामी आला. राजकारणात मात्र ही साखळी गावातच तुटते. निम्मी सरपंचपदं महिलांकडे असलेल्या राज्याच्या २८८ जणांच्या विधानसभेत २०१९मध्ये २४ महिला आमदार होत्या, २०२४मध्ये २१. राज्य स्थापन झाल्यापासून एकही महिला मुख्यमंत्री झालेली नाही. हजारो जणी पहिली पायरी चढतात, पण दुसरी चढायच्या आत पहिलीच काढून घेतली जाते.

फेरपालट घटनेतच आहे, तिला काय करणार, असं उत्तर मिळतं. ते पूर्ण खरं नाही. अध्यक्षपदांचं आरक्षण वेगवेगळ्या पंचायतींना आळीपाळीनं मिळावं, एवढंच घटना सांगते. ती पाळी किती वर्षांनी बदलायची, हे राज्याच्या हातात आहे. तमिळनाडूत राखीव जागा दोन कार्यकाळ, म्हणजे दहा वर्षं, तशीच राहते. यात अडचण आहे, हे मी मान्य करते. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांचं आरक्षणही याच फेऱ्यात गुंफलेलं आहे, आणि एका गटाची जागा दहा वर्षं अडली तर दुसऱ्या गटाला तितकं थांबावं लागेल. गावातले इच्छुक पुरुष तर ओरडतीलच. तरीही, महिलांची पाळी तरी दोन कार्यकाळांची करावी, या मताची मी आहे. त्याच्या जोडीला सरपंचाला जगता येईल इतकं मानधन, डिजिटल टोकन आणि ओटीपी तिच्याच हातात राहतील अशी पडताळणी, आणि सासरच्या अतिक्रमणापायी सुनेला अपात्र न ठरवणारी कायद्यातली दुरुस्ती, इतकं झालं तरी पुष्कळ होईल.

आणि हे अशक्य आहे असं दिल्लीनंही मानलेलं नाही. २०२३च्या १०६व्या घटनादुरुस्तीनं लोकसभा आणि विधानसभांमध्ये महिलांसाठी एक तृतीयांश जागा ठेवल्या. जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर त्या लागू होणार, अशी त्यात अट आहे. त्याच दुरुस्तीत असंही म्हटलं आहे की राखीव मतदारसंघ बदलतील ते प्रत्येक पुनर्रचनेनंतर, प्रत्येक निवडणुकीनंतर नव्हे. आमदार किंवा खासदार होणाऱ्या बाईला त्याच मतदारांपुढे पुन्हा जाण्याची, केलेलं काम दाखवून मत मागण्याची संधी असावी, हे संसदेनं मान्य केलं आहे. राज्यानं आपल्या ग्रामपंचायत निवडणूक नियमांत तेवढीच संधी सरपंच बाईला द्यावी.